सीमा खुली, श्रमिक बांधलेला

पावसाळी मासेमारीबंदी उठली की रत्नागिरी जिल्ह्याच्या बंदरांतून नौका समुद्रात लोटल्या जातात आणि तांडेलाच्या हाताखाली नेपाळी खलाशी दिसू लागतात. आंब्याच्या बागांतून राखणीला व काढणीला नेपाळी गडीच असतो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला व्हिसावाचून येथे येता येते, राहता येते, काम करता येते. या खुल्या सीमेविषयी नौकामालकाची वा बागायतदाराची तक्रार नाही. त्याच्यावाचून हंगाम पार पडत नाही, हे तो पुरते जाणून आहे.

मालकवर्गाची ही उदारता केवळ कोकणापुरती नाही. अमेरिकेच्या सिनेटने २०१३ साली स्थलांतरविषयक सुधारणांचे विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केले, तेव्हा तेथील चेंबर ऑफ कॉमर्स त्याच्या पाठीशी उभे होते. प्रतिनिधिगृहाने ते विधेयक विचारातही घेतले नाही. परकीयांचा द्वेष करणाऱ्यांपेक्षा उद्योगपती शहाणे ठरले, हे खरे. परंतु तेवढ्यावरून त्यांना श्रमिकांचे कैवारी मानण्याची घाई करू नये. त्याच देशात १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकोतून लक्षावधी शेतमजूर आणले गेले. सीमा त्यांना खुली होती. मालक बदलण्याचे स्वातंत्र्य मात्र नव्हते. तक्रार करणाऱ्याला परत धाडण्याची धमकी पुरेशी होती.

तेव्हा कसोटी एकच: आलेला मजूर आपल्या मर्जीने मालक सोडू शकतो काय? गुहागर-दापोलीकडील ज्या घरांच्या चुली आखातातील कमाईवर पेटतात, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. कफाला पद्धतीने मुलाचा परवाना मालकाच्या मुठीत ठेवणे म्हणजे काय, हे त्यांनी अनुभवले आहे. नोकरी बदलताना जुन्या मालकाची संमती घेण्याची अट कतारने २०२० साली काढून टाकली, तीही जगभर टीकेचा भडिमार झाल्यावर.

मग आपल्या मुलासाठी जो न्याय आपण मागतो, तो आपल्या दारच्या खलाशाला नाकारावा काय? हंगामापूर्वी घेतलेली उचल फिटेपर्यंत त्याचे पाय नौकेला बांधलेलेच राहतात. कायदाही त्याला ओळखत नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी होता. त्याची जागा घेणारी २०२० ची संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिची व्याख्याही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरतीच, आणि पूर्वी पाच कामगारांना लागू होणारे संरक्षण आता दहांपासून सुरू होते. नेपाळी मजूर करारामुळे परका नाही आणि व्याख्येमुळे आंतरराज्य कामगारही नाही. मालकाला याहून सोयीचे ते काय?

‘नेपाळ्यांना घालवा’ ही आरोळी याचे उत्तर नव्हे. भ्यालेला मजूर अधिक स्वस्त होतो, आणि त्याच्या स्वस्ताईने स्थानिकाचीही मजुरी उतरते. ज्या जिल्ह्याची माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबली, त्याने तरी हे विसरू नये. लेखी करार, खलाशाच्या स्वतःच्या खात्यात वेतन, अपघाती विमा आणि उचलीच्या नावाखाली अडवणुकीस मनाई, या मागण्या स्थानिक व नेपाळी खलाशांनी एकत्र केल्या पाहिजेत. सीमा खुली ठेवण्यास मालक राजी आहेतच. या मागण्यांपुढे ते काय म्हणतात, त्यावरून त्यांची उदारता जोखावी.