फूटपट्टी बदलली, गरिबी हटली!

२०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीचे आकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर आले आणि नीति आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी देशातील गरिबी पाच टक्क्यांच्या खाली आल्याचे सांगून टाकले. २०११-१२ मध्ये तेंडुलकर समितीच्या रेषेनुसार ती २१.९ टक्के होती. (मधली २०१७-१८ ची पाहणी गुणवत्तेचे कारण पुढे करून दडपली गेली, याचा स्तुतिपाठकांना सोयीस्कर विसर पडला आहे.)

परंतु हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत. कुटुंबाला गेल्या किती दिवसांचा खर्च विचारला, यावर उत्तर पालटते. महिन्याची भाजी आणि तेल आठवताना बरेच गळून जाते. आठवड्याची विचारली की रक्कम फुगते. २०११-१२ मध्ये दोन पद्धतींनी एकाच वेळी पाहणी झाली. सरसकट तीस दिवसांच्या पद्धतीने ग्रामीण दरडोई मासिक खर्च १,२७९ रुपये निघाला. भाजी, फळे, तेल यांना सात दिवस आणि कापड, पादत्राणे, शिक्षण यांना वर्ष लावणाऱ्या सुधारित मिश्र पद्धतीने तोच १,४३० रुपये! ही दीडशे रुपयांची सुबत्ता शेतात पिकली नाही की कारखान्यात निर्माण झाली नाही; ती प्रश्नावलीत जन्मली. तेंडुलकर रेषा या सुधारित पद्धतीवर बेतलेली नाही. शिवाय नव्या पाहणीत वस्तूंची यादी ३४७ वरून ४०५ वर गेली आणि एका भेटीच्या जागी तीन भेटी आल्या. तुलनेत अडचणी आहेत हे खुद्द सांख्यिकी मंत्रालयाने नोंदविले आहे.

हा खेळ नवा नव्हे. १९९९-२००० च्या पाहणीत अन्नखर्चासाठी सात आणि तीस दिवसांचे प्रश्न एकाच कुटुंबाला शेजारी शेजारी विचारले गेले. एका उत्तराचा रंग दुसऱ्याला लागला आणि १९९३-९४ मधील ३६ टक्के गरिबी २६.१ वर उतरल्याचे जाहीर झाले. अभिजित सेन, अँगस डीटन, जाँ द्रेझ यांनी या तुलनेची चिकित्सा केली. २००४-०५ मध्ये जुन्या तीस दिवसांच्या पद्धतीने आकडा २७.५ आला.

म्हणजे घट झाली होती, पण गाजावाजा झाला तितकी नाही. घट मुळीच नाही असे म्हणणारे आपल्यातील काही मित्रही तितकेच चुकले. प्रतिपक्षाच्या अतिशयोक्तीला आपली अतिशयोक्ती हे उत्तर नव्हे.

प्रश्न केवळ पंडितांचा नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण ७५ आणि शहरी ५० टक्के लोकांना धान्याचा हक्क दिला. त्याचे राज्यवार प्रमाण २०११-१२ च्या याच पाहणीवरून ठरले. उद्या ‘गरीब उरलेच कोठे?’ असे म्हणत शिधापत्रिकांना कात्री लावायची झाली, तर पाच टक्क्यांचा हा आकडा हाताशी आहेच. म्हणून मागणी स्पष्ट हवी: २००९-१० आणि २०११-१२ प्रमाणे जुनी प्रश्नावली काही कुटुंबांपुरती तरी नव्या प्रश्नावलीसोबत चालवा, दोन्हींचे आकडे प्रसिद्ध करा, आणि तोवर कोणाच्याही शिधापत्रिकेला हात लावू नका.