दांडी मोडली म्हणून गाडी काढू नका

मंडळी, आज जरा गाडीबद्दल लिहितो. आपल्या बेळगावात जुन्या गाड्या अजून घराघरांत आहेत. आमचीही १९९९ ची मारुती ८०० आहे. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की पुढं दर ५ वर्षांनी पुन्हा पासिंग करावं लागतं. आमची २०१४, २०१९ आणि २०२४, तिन्ही वेळा पास झाली. इंजिन ठणठणीत. मग यंदा पावसाळ्याच्या तोंडावर इंडिकेटरची दांडी मोडली. मुळाशी प्लॅस्टिक तडकलं आणि दांडी लुळी पडली, टाकली तिथं राहीना.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सांगितलं, "पार्ट मागवावा लागेल, कधी येईल माहीत नाही. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये द्या." मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, भंगारात घाला आता." मला दोघांचंही पटलं नाही.

आम्ही दोघं सत्तरीच्या घरातले. टिळकवाडीतून दवाखाना, बाजार, शहापूरला बहिणीकडं, सगळं या गाडीवर. कुणाला "जरा सोडतोस का रे" म्हणायची वेळ येत नाही. एवढं स्वातंत्र्य वीतभर प्लॅस्टिकपायी सोडायचं?

शेवटी ओळखीच्या मेस्त्रींकडं गेलो. तरुणपणी उद्यमबागेत लेथवर काम केलेला माणूस. बघून म्हणाले, "काका, मानच मोडलीय की. आतला स्विच चांगला आहे." आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हॉर्नचं झाकण काढलं, स्टिअरिंग कुठल्या खुणेवर बसलंय ते खडूनं आखून ठेवलं, मग नट सोडून स्टिअरिंग उतरवलं. दोन्ही तुकड्यांत बारीक भोक पाडलं, स्टीलची पिन घातली, दोन ट्यूबवाला चिकट मसाला भरला आणि एक दिवस वाळत ठेवलं. बसवताना आतली स्प्रिंग नि छर्रा जागेवर आहे ना, ते तपासलं. वळण संपून स्टिअरिंग सरळ झालं की दांडी आपोआप मधे यायला पाहिजे. तशी ती येते. खर्च आला तो दोघांच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा कमी.

आता कुणी म्हणेल, ही कंजुषी झाली. तसं नाही. आतले पॉइंट जळाले असते, वायर वितळली असती, तर मी नवाच स्विच घातला असता, कितीही दिवस थांबावं लागलं तरी. आणि ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, तिथं असले प्रयोग नकोत. तिला जाणकारानंच हात लावावा. माझं म्हणणं एवढंच की मोडलंय काय आणि चांगलं काय, हे आधी बघा. आपण हल्ली ते बघायचंच सोडून दिलंय.

दुसरी बाजूही आहे. कितीतरी जण दांडीला चिकटपट्टी गुंडाळून वर्ष-वर्ष गाडी हाकतात. कुणी तर "हात दाखवला की झालं" म्हणतात. जुलैत चोर्ला घाटात जाऊन बघा. धुकं, पाऊस, बंद काचा. हात कुणाला दिसतो? आपण कुठं वळणार हे मागच्याला कळतं ते त्या एका पिवळ्या दिव्यावरून. दिवा नेहमीपेक्षा भरभर टिकटिकायला लागला तर बहुधा एक बल्ब गेलाय असं समजा आणि त्याच दिवशी बदला. म्हणून म्हणतो, दांडी मोडली म्हणून गाडी काढू नका, आणि मोडक्या दांडीनं गाडी बाहेरही काढू नका.

मेस्त्रींचा मुलगा बेंगळूरला कंपनीत लागलाय. त्यांच्यामागं ते गॅरेज चालवायला कुणी नाही. आपण प्रत्येक वेळी अख्खा पार्ट, नाहीतर अख्खी गाडीच बदलत राहिलो तर असे हात शिल्लक राहायचे कसे? नवी गाडी जरूर घ्या, ऐपत आणि गरज असेल तर. पण जुनी द्यायच्या आधी एकदा अशा माणसाला दाखवा. तुमच्या भागात असा मेस्त्री असेल तर खाली गल्लीचं नाव लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल.