जुना पाठ राहू द्या

संगणकावरचा एखादा जुना, गाजलेला नेमबाजीचा खेळ नवी रंगरंगोटी करून त्याच नावाने पुन्हा बाजारात आला, की त्याच्या जुन्या भक्तांत जी कुरबुर सुरू होते, तिच्याकडे पाहण्याची शहाण्यासुरत्या माणसांची एक ठरावीक रीत आहे. चित्रे पूर्वीपेक्षा शतपटीने सुंदर झाली, आवाज स्वच्छ झाला, तरी या पोरांचे रडगाणे संपत नाही, असे म्हणून आणि ही सारी तक्रार म्हणजे गेलेल्या तारुण्याचा शोक होय असा निकाल देऊन ती मोकळी होतात. माझे मत निराळे आहे. या कुरबुरीतला बराचसा भाग पोरकट असतो हे मान्य करूनही तिच्या मुळाशी जो आग्रह आहे, तो ग्रंथसंपादनाच्या शास्त्रात फार जुना व फार प्रतिष्ठित आहे, आणि खेळाडूंनी तो कोणा पंडिताच्या पायाशी न बसता निव्वळ स्वानुभवाने शोधून काढला, हे त्यांना अधिकच भूषणावह आहे.

ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगणे प्राप्त आहे. पडद्यावर खेळणाऱ्याला स्वतःचे शरीर दिसत नाही. दिसतात ते पुढे आलेले हात, हातातील बंदूक आणि समोरची वाट. १९९३ च्या ‘डूम’ने आणि १९९६ च्या ‘क्वेक’ने हा प्रकार जगभर रूढ केला, आणि वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी तो आला नेट कॅफेच्या दारातून. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज असेल तेवढा वेळ, तासाच्या हिशेबाने पैसे मोजून, एकमेकांना जोडलेल्या पाच-सहा यंत्रांवर ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणारी आणि ‘डस्ट टू’ या नकाशातला कोपरान् कोपरा डोळे मिटून सांगणारी मुले ज्याने पाहिली, त्याला ‘अबे, कॅम्पिंग कायले करून राह्यला बे?’ हा भिंतीआड दबा धरून बसणाऱ्याविरुद्धचा आक्रोशही परिचयाचा असेल. गंमत अशी, की हा ‘काउंटर-स्ट्राइक’ मुळात स्वतंत्र खेळच नव्हता. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ या खेळाच्या आधाराने मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघा तरुणांनी १९९९ साली हौसेने रचलेली ती जोड होती. मूळ ग्रंथापेक्षा त्यावरील टीका घरोघरी पोहोचावी, हा प्रकार ज्ञानेश्वरीच्या महाराष्ट्राला नवलाचा वाटू नये.

बंदुकीच्या खेळांची एवढी चिकित्सा कशाला, असाही आक्षेप येईल. त्यावर मी इतकेच म्हणेन, की आमच्या जिल्ह्यातच पुलगावला सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, आणि २०१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस तेथे लागलेल्या आगीत जवान आणि अग्निशामक प्राणास मुकले, ते दिवस येथील लोकांना चांगले आठवतात. खरी दारू कोणती आणि पडद्यावरची कोणती, हा विवेक वर्धा जिल्ह्यातल्या पोराला बाहेरच्या माणसाने शिकवावा लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीन शतकांच्या हस्तांतरात शिरलेले अपपाठ त्यांनी काढले, आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घुसडू नये अशी ताकीदही शेवटी देऊन ठेवली. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्या मते एकनाथपूर्व असलेली प्रत छापली, आणि कोणता पाठ खरा या वादाला तोंड फुटले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले व १९६६ मध्ये पूर्ण केले. त्या आवृत्तीचे वैशिष्ट्य असे, की साडेबाराशेहून अधिक हस्तलिखिते धुंडाळून जो पाठ संपादकांनी स्वीकारला तो वर छापला, परंतु जे पाठ नाकारले तेही तळटीपांत जपून ठेवले. संपादकाचा निर्णय ज्याला पटला नाही, त्याला त्याच पानावर अपील करण्याची सोय राहिली.

नेमबाजीच्या खेळांत हीच सोय मला पहिल्यांदा आढळली ती ‘हेलो’मध्ये. १५ नोव्हेंबर २००१ रोजी निघालेला हा खेळ बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, नवी चित्रे चढवून पुन्हा प्रसिद्ध झाला, आणि त्यात एक बटण ठेवले होते, जे दाबताच भर खेळात नवे दृश्य जाऊन जुने यावे. या बटणामुळेच खेळाडूंचे आक्षेप निव्वळ आठवणींच्या भरवशावर राहिले नाहीत. ते ताडून पाहता येऊ लागले. उदाहरणार्थ, त्या खेळात दलदलीचा एक टप्पा आहे. मूळ खेळात तेथे काळोख आणि धुके आहे, चार हातांपलीकडचे दिसत नाही, आपली म्हणून जी तुकडी असायची ती कोठे आहे कळत नाही, आणि काहीतरी अमंगळ घडून गेले आहे ही जाणीव शत्रू दिसण्याच्या कितीतरी आधी अंगावर काटा आणते. नव्या आवृत्तीत चित्रकारांनी तीच दलदल वेलींनी, पाण्याच्या चकाकीने आणि निळसर उजेडाने अशी काही नटवली, की तिथे भय वाटण्याऐवजी सहलीला यावेसे वाटते. तंत्र वाढले आणि रस बदलला. भयानकाचा अद्भुत झाला. याहून बारीक तक्रार अशी, की वरचे चित्र नवे असले तरी आतले गणित जुनेच चालते, त्यामुळे नव्या चित्रात मोकळी दिसणारी जागा जुन्या हिशेबात खडक असते आणि नेम धरून सोडलेली गोळी हवेतच अडते. ही तक्रार करणाऱ्याला रडका म्हणणे म्हणजे पाठभेद दाखवणाऱ्या अभ्यासकाला शुद्धलेखनाचा कारकून म्हणण्यासारखे आहे.

प्रत्येक नव्या आवृत्तीने हे बटण ठेवले नाही. २००७ चा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ २०१६ मध्ये नव्या साजात आला, तो आरंभी स्वतंत्रपणे विकतच मिळेना, दुसऱ्या एका महागड्या खेळाच्या संचाबरोबरच घ्यावा लागे. आणि थोड्याच आठवड्यांत त्यात नशिबाच्या पेट्या आल्या, पुढे मूळ खेळात कधी नव्हती अशी शस्त्रे आली, जुने नकाशे वेगळी किंमत लावून विकायला निघाले. एकनाथांची ताकीद होती ती नेमकी या प्रक्षेपांविरुद्ध. ‘क्रायसिस’च्या २०२० च्या आवृत्तीत उलट लोप झाला, आकाशयानातला एक अख्खा टप्पाच गळला होता, तो ओरड झाल्यावर मागाहून भरला. आणि ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या तीन जुन्या भागांचे २०२१ मध्ये जे संस्करण निघाले (हा खेळ नेमबाजीच्या जातीचा नव्हे, भावकीतला म्हणावा), त्यात चित्रे वाढवण्याचे काम यंत्रावर सोपवल्यामुळे दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरेच चुकली. अक्षर न समजता नक्कल करणारा लेखनिक पूर्वीही होता; फरक इतकाच, की त्याच्या हातून एका वेळी एकच पोथी बिघडत असे. बरे, जुने तीन भाग कंपनीने आधीच विक्रीतून काढून घेतले होते. लोक खवळले, कंपनीने माफी मागितली आणि संगणकावर तरी जुन्या प्रती परत दिल्या.

माझा सारा रोख या शेवटच्या गोष्टीवर आहे. नवी आवृत्ती वाईट निघाली तर तिची टीका होईल, दुसरी निघेल. पण जुनी काढून घेतली तर टीका करायलाही काही उरत नाही. २७ सप्टेंबर २०२३ रोजी ‘काउंटर-स्ट्राइक २’ आला तो नुसता डागडुजी केलेला खेळ नव्हता, वारसदार होता, आणि त्याने २०१२ पासून चालत आलेल्या ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ची गादीच घेतली. त्यासाठी पैसा मागितला नाही, हे खरे. परंतु जुन्या ३२-बिट प्रणाली आणि जुनी ग्राफिक कार्डे यांचा आधार त्याबरोबरच गेला, १ जानेवारी २०२४ पासून पूर्वीच्या आवृत्तीची अधिकृत देखभाल थांबली, आणि आता ती उतरवून घेता आली तरी कंपनीच्या सर्व्हरवर तिला प्रतिस्पर्धी मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या खेळाडूने यावर नवे कार्ड घेतले असेल. आर्वीत मात्र बापाने शिक्षणासाठी म्हणून घेतलेल्या, दुसऱ्याने वापरून सोडलेल्या पीसीवर खेळणारा मुलगा या एका निर्णयाने खेळातून हद्दपार होतो, आणि त्याला तशी नोटीसही येत नाही. आणि विरोधाभास पाहा, २००३ च्या सुमाराचा ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ हा जुनाट पाठ आजही स्वतंत्रपणे विकत मिळतो, आणि तो अशा बहुतेक जुन्या पीसींवर निमूटपणे चालतो, कारण त्याला कोणी फारसे सुधारले नाही.

मी सुधारणेचा वैरी नाही. पुलगावहून आर्वीला येणारी ३५ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी १९१७ साली सुरू झाली. शकुंतला म्हणून तिचे कौतुक पुष्कळ होते, तरी हा मार्ग ब्रॉडगेज व्हावा अशी मागणी करणाऱ्यांत मीही आहे, कारण गाडीत बसायचे ते कोठेतरी पोहोचण्यासाठी. त्या मार्गाची आणखी एक हकीकत येथे प्रस्तुत आहे. देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या, तरी यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गाप्रमाणेच हा मार्गही सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी या खासगी कंपनीच्या मालकीत राहिला; गाडी सरकारची, रूळ कंपनीचे, आणि तिकीट काढणाऱ्या आर्वीकराचा मालकीच्या या दप्तराशी काडीचा संबंध नव्हता. खेळांची गत हीच. ‘सिस्टम शॉक २’ हा १९९९ चा उत्कृष्ट खेळ कित्येक वर्षे दुकानांत मिळत नव्हता. स्टीफन किक नामक एका चाहत्याने चौकशी केली तेव्हा त्याचे हक्क एका विमा कंपनीच्या कपाटात निघाले. त्याने ते परवान्याने मिळवले, त्यातून नाइटडाइव्ह ही संस्था उभी राहिली, आणि २०१३ मध्ये खेळ पुन्हा विक्रीला आला. पुढे याच संस्थेने २००० सालच्या ‘नो वन लिव्हज फॉरएव्हर’साठी खटपट केली, तर हक्क आपल्याकडे आहेत की नाहीत हे संभाव्य हक्कदारांनाही खात्रीने सांगता येईना; सातबारा सापडत नाही, पण पाय ठेवाल तर फिर्याद करू, असा पवित्रा. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत तेथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ विक्रीत नाहीत असे आढळले. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा करून, तुम्ही खेळ विकत घेत नसून केवळ परवाना घेत आहात, हे ग्राहकाला स्पष्ट सांगण्याचे बंधन दुकानदारांवर घातले. सांगण्याचे बंधन घातले, देण्याचे नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

आणि जुने राखून नवे काढणे अशक्य आहे असेही नाही. २०२१ मध्ये नाइटडाइव्हनेच ‘क्वेक’चे जे संस्करण काढले, ते एखाद्या जाणत्या संपादकाने डोक्यावर घ्यावे असे आहे. मधल्या काळात विक्रीच्या प्रतींतून गळालेले मूळ संगीत त्यांनी जागच्या जागी बसवले, नवा भाग जोडला तो परिशिष्टासारखा वेगळा ठेवला, ज्यांच्याकडे पूर्वीची प्रत होती त्यांना संगणकावर नवी विनामूल्य दिली, आणि मूळ प्रतही तिच्या शेजारी राहू दिली. ‘डूम’च्या कर्त्यांनी तर १९९७ सालीच खेळाची आतली संहिता जाहीर करून टाकली; म्हणून आज कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही हौशी माणसाकडून, तो जिवंत ठेवला जातो.

राहता राहिला आपल्याकडचा लाडका ‘आयजीआय’. २००० च्या डिसेंबरात नॉर्वेच्या इनरलूप या संस्थेने काढलेला हा खेळ विदर्भातल्या एका पिढीने जेवढा खेळला तेवढा त्याच्या जन्मदात्यांनीही खेळला नसेल, आणि त्याच मालिकेतला एक नवा खेळ जाहीर होऊन पुरा होण्याआधीच बारगळला. उद्या कोणी मूळ खेळाची नवी आवृत्ती काढलीच, तर तंटा चित्रांवरून होणार नाही. तो होईल मोहिमेच्या मध्येच खेळ जतन करण्याच्या सोयीवरून, जी मुळात नव्हती, आणि जिच्या अभावी शेवटच्या फाटकापाशी गजर वाजून बराकीतून शिपायांची रीघ लागली, की अर्ध्या तासाची मेहनत मातीत जाऊन पुन्हा पहिल्या कुंपणापासून सरपटावे लागे. माझ्या ओळखीच्या खेळाडूंत यावर सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, ती कर्त्यांची चूक होती, दुरुस्त करावी. दुसरा म्हणतो, ती चूकच म्हणजे खेळ, ती काढली तर उरते काय. वाढत्या वयाने आणि मंदावलेल्या बोटांनी मला पहिल्या तटात ढकलले आहे; मला ती सोय हवी. फक्त ती सुरुवातीच्या यादीत निवडता यावी आणि निवडायची नसेल तर मूळचा निष्ठुर नियम आहे तसा चालू राहावा, नाहीतर दुसऱ्या तटातले आमचे मित्र ती आवृत्ती हातात धरायचे नाहीत, आणि त्यांचे चुकले असे मला म्हणता यायचे नाही.