नोंदणीआधीची माता

घरात नवी सून आली की तिची ओटी भरली जाते. सातव्या महिन्यात हिरवी साडी, फुलांचे दागिने आणि पंचपक्वान्नांचे ताट असा डोहाळजेवणाचा सोहळा होतो. हे कौतुक कामठीतील विडी कामगाराच्या घरी होते, तसेच नागपूरच्या धरमपेठेतील बंगल्यातही होते. परंतु गर्भ राहिला त्या पहिल्या महिन्यात त्या मुलीच्या पोटात काय गेले, हा प्रश्न बंगल्यात विचारला जात नाही, झोपडीत विचारला जात नाही आणि सरकारी कचेरीत तर नाहीच नाही.

वास्तविक तोच महिना निर्णायक असतो. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नलिकेपासून घडतात, ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही तर मूल जन्मतःच पंगू होते किंवा जगतच नाही. त्या वेळी आपण गरोदर आहोत याचा पत्ताही अनेक मातांना नसतो. फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व आधीपासून घेतल्यास हे संकट पुष्कळ प्रमाणात टळते. आधीचे मूल अशा दोषाने बाधित झालेल्या मातांमध्ये पुनरावृत्तीचा धोका त्यामुळे सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ साली सिद्ध केले.

या औषधाचे भारताशी नाते जुने आहे. मुंबईतील गरीब गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करतानाच लुसी विल्स यांना या घटकाचा माग लागला आणि १९३१ साली त्यांनी तो जगापुढे मांडला. पुढे आंध्रचे सुपुत्र यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत १९४५ च्या सुमारास फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार झाले. ज्या देशातील मातांच्या वेदनेतून शोधाला आरंभ झाला आणि ज्या देशाच्या पुत्राने तो पूर्णत्वास नेला, त्याच देशातील मातेला ती गोळी वेळेवर मिळू नये, याला काय म्हणावे?

सरकार काहीच करीत नाही, असे कोणी म्हणणार नाही. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या मोफत गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ अभियानाने गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी ठरवून दिली. गर्भधारणेपूर्वी आणि पहिल्या तीन महिन्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, असा सल्लाही त्यात आहे. परंतु व्यवस्थेचे घड्याळ गरोदरपणाच्या नोंदणीपासून चालू होते. नोंदणीआधीची माता तिच्या लेखी अस्तित्वातच नाही. इतर स्त्रियांसाठी असलेल्या साप्ताहिक गोळीत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. जागतिक आरोग्य संघटनेने साप्ताहिक गोळीसाठी सुचविलेली मात्रा मात्र २८०० मायक्रोग्रॅम आहे. संततिनियमनाची साधने घरपोच देण्याचे काम आशा सेविकांकडे २०११ पासून सोपविले गेले. मूल नको असणाऱ्या स्त्रीच्या दारी जाणाऱ्या शासनाला मूल हवे असणाऱ्या स्त्रीचे दार सापडत नाही काय?

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५२.२ टक्के आणि महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. १८० दिवस गोळ्या घेणाऱ्या माता देशात अवघ्या २६ टक्के निघाल्या. म्हणजे जी गोळी हाती पडते, तीही घरातल्या डब्यात पडून राहते. मळमळ होते, शौचास काळे होते, ‘गोळीने बाळ काळे होईल’ असे कोणी सांगते, आणि समजावणारे कोणी नसते.

‘फुकटाची सवय लावू नका’, असे सांगणारा एक सुशिक्षित वर्ग आपल्यातही आहे. त्याला विचारले पाहिजे की, सैनिकाला शस्त्र देणे ही खैरात असते काय? राष्ट्राची पुढची पिढी जिच्या उदरात घडते, तिचे पोषण ही राष्ट्राची गुंतवणूक आहे. ‘आमच्या आजीने कुठे गोळ्या घेतल्या होत्या?’ असे म्हणणारा दुसरा वर्ग आहे. त्या आजीची किती अपत्ये पाळण्यातच गेली, हे तो सांगत नाही. पालेभाज्या, डाळी, तीळ, गूळ आवश्यकच आहेत. परंतु घरात सर्वांत शेवटी जेवणारीच्या ताटात त्यांतील किती उरते?

याबाबतीत आपल्या परंपरेची दृष्टी अधिक स्वच्छ होती. सोळा संस्कारांतील पहिला संस्कार गर्भाधानाचा आहे. अपत्याचा विचार गर्भ राहण्यापूर्वी सुरू व्हावा, हे आपल्या पूर्वजांनी जाणले होते. आज गर्भसंस्काराच्या ध्वनिफितींवर हजारो रुपये खर्च होतात आणि काही पैशांची गोळी विसरली जाते.

कामठीत हे काम अशक्य नाही. याच भूमीत बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांना संघटित केले. दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या त्या कष्टकरी भगिनींच्या लेकीसुनांपर्यंत ही गोळी पोहोचली पाहिजे. उपजिल्हा रुग्णालयात आणि तालुक्यातील प्रत्येक उपकेंद्रात ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मागताक्षणी मोफत मिळावी. विवाह नोंदणीच्या वेळीच नवदांपत्याला तिची माहिती द्यावी. विदर्भात सिकलसेलचा प्रादुर्भाव मोठा असल्याने तिची तपासणीही सोबतच व्हावी. कारण अशा रुग्णाला लोह वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावे लागते, फॉलिक ॲसिड मात्र तिची नित्याची गरज असते.

आणि केवळ शासनाकडे बोट दाखवून भागणार नाही. सेवावस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याने, कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत बसणाऱ्या भगिनीने प्रत्येक नवविवाहितेच्या सासूशी याविषयी बोलावे. सुनेला रात्रीच्या जेवणानंतर गोळी आणि पाण्याचा पेला सासूने स्वतःच्या हाताने द्यावा. मातृशक्तीचा जयघोष आपण व्यासपीठावरून पुष्कळ केला. तिची पूजा आता स्वयंपाकघरातून सुरू झाली पाहिजे, आणि तीही सातव्या महिन्याची वाट न पाहता.