लढाई थांबल्यावरचं काम अवघड : कोल्हापूरच्या थोरातांचा कोरियातला धडा

कोल्हापूर : गाझापट्टीत युद्धविराम झाल्यावर तिथली घडी बसवण्यासाठी आंतरराष्ट्रीय फौज उभी करायला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं १७ नोव्हेंबर २०२५ रोजी मंजुरी दिली. दुसरीकडं, दक्षिण लेबनॉनमधली शांतिसेना ३१ डिसेंबर २०२६ ला काम थांबवणार असं ठरलंय. त्या सेनेत १९९८ पासून भारतीय जवान आहेत. बातम्या लांबच्या वाटतात. पण चंदगड, आजरा, गडहिंग्लजपासून शिरोळच्या सैनिक टाकळीपर्यंत गावोगावी फौजी घरं असलेल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही.

लढाई थांबली म्हणजे तंटा मिटला असं होत नाही. बांधावरून दोन भावांची डोकी फुटली, पंचांनी भांडण सोडवलं, तरी मोजणी होऊन दगड रोवेपर्यंत कुणीतरी मधे उभं राहावं लागतं. मधे उभ्या राहणाऱ्याला दोन्हीकडच्या शिव्या बसतात. शांतिसेनेचं काम नेमकं हेच.

हे काम कसं करावं, हे कोल्हापूरच्याच एका माणसानं ७० वर्षांपूर्वी दाखवून दिलंय. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, म्हणजेच जनरल एस. पी. पी. थोरात. दुसऱ्या महायुद्धात १९४५ साली ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत त्यांनी नाव कमावलं होतं. पण त्यांची खरी कसोटी लागली ती लढाई संपल्यावर, कोरियात.

२७ जुलै १९५३ ला कोरियातलं युद्ध थांबलं. पेच उरला कैद्यांचा. चीन आणि उत्तर कोरियाचे सुमारे २२ हजार ६०० कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. उलट बाजूलाही असे साडेतीनशेच्या वर होते. दोन्ही पक्षांना चालेल असा राखणदार हवा होता. ते काम भारताकडं आलं. कैद्यांच्या आयोगाचे अध्यक्ष होते लेफ्टनंट जनरल थिमय्या आणि पाच-सहा हजार भारतीय जवानांच्या फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात.

दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायलाच नकार दिला. म्हणून बोटीनं आलेल्या जवानांना हेलिकॉप्टरनं मधल्या पट्ट्यात न्यावं लागलं. हे लोक आपल्याला जबरदस्तीनं परत पाठवणार, असा कैद्यांचा संशय होता. एकदा तर त्यांनी एका भारतीय मेजरलाच छावणीत अडकवून ठेवलं. थोरात मोजक्या माणसांना घेऊन स्वतः तारेच्या आत गेले आणि न लढता त्याला सोडवून आणलं.

सगळंच गोड झालं असं नाही. काही वेळा गोळीबार करावा लागला, त्यात कैदी दगावले. पण मूळ नियम मोडला नाही : कुणालाही बळजबरीनं पाठवायचं नाही. जानेवारी १९५४ मध्ये मुदत संपली, तेव्हा न गेलेले कैदी ज्यांच्याकडून घेतले होते त्यांच्याकडं परत सोपवले. कुठलीच बाजू नको म्हणणारे ८८ जण भारतात आले. मग फौज घरी परतली. काम ठरलेलं होतं, मुदत ठरलेली होती आणि करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या.

याच्या उलट घडलं श्रीलंकेत. २९ जुलै १९८७ च्या करारानंतर भारताची शांतिसेना तिथं गेली. तिच्या गळ्यात काम पडलं ते तमिळ वाघांची हत्यारं काढून घेण्याचं. वाघांनी त्या करारावर सही केलेलीच नव्हती. ऑक्टोबरात लढाई पेटली. राखण करायला गेलेले जवान स्वतःच भांडणाचा भाग झाले. पुढं श्रीलंका सरकारनंही 'आता जा' म्हणून सांगितलं. मार्च १९९० मध्ये शेवटचे जवान परतले, तोवर सुमारे १२०० भारतीय जवान कामी आले होते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांनीही ती झळ सोसली.

जवान दोन्ही ठिकाणी आपलेच, शिस्तही तीच. फरक होता तो संमतीचा. कोरियात दोघांनी मान्य केलेला करार राखायचा होता, श्रीलंकेत एकाला बळानं नि:शस्त्र करायचं होतं.

गाझातल्या नव्या फौजेकडं पाहताना म्हणूनच काळजी वाटते. तिच्या कामात सशस्त्र गटांची हत्यारं काढणं हेही आहे. सुरक्षा परिषदेची मंजुरी असली तरी ही संयुक्त राष्ट्रांची नेहमीची निळ्या टोपीची सेना नव्हे. हत्यारवाला राजी नसेल तर कुठल्याही देशाचा जवान तिथं श्रीलंकेसारखाच अडकू शकतो.

भारतानं नाही म्हटल्याचंही उदाहरण आहे. जुलै २००३ मध्ये अमेरिकेनं इराकसाठी फौज मागितली, तेव्हा वाजपेयी सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या आदेशाशिवाय पाठवणार नाही असं सांगितलं. त्या नकारामुळं किती घरांची झोप शाबूत राहिली, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

पोरगं परदेशी मोहिमेवर निघालं की गावात पेढे वाटले जातात, ते योग्यच आहे. पण मोहीम ठरवणाऱ्यांना तीन प्रश्न विचारायचा हक्क फौजी घरांना आहे : दोन्ही बाजू राजी आहेत का? काम नेमकं काय? आणि परत कधी? कोरियात या तिन्हींची उत्तरं होती. श्रीलंकेत एकाचंही धड नव्हतं.