स्लीप मोडमुळे लॅपटॉप लवकर बिघडतो का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. घरच्या कॉम्प्युटरची नोंदणी केली असेल तर सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ च्या अटींत न बसणारं मशीन अजून थोडं चालवायचं, असं बऱ्याच जणांनी ठरवलंय. मीही त्यातलाच. म्हणूनच हा प्रश्न आता महत्त्वाचा झालाय: पॉवर सेव्हिंगमुळे हार्डवेअरचं आयुष्य वाढतं की घटतं?

भीती कुठून आली?

ही भीती अगदीच खोटी नाही. साधारण पंधरा वर्षांपूर्वी वेस्टर्न डिजिटलच्या ‘ग्रीन’ हार्ड डिस्क वीज वाचवायला ८ सेकंद काम नसलं की हेड बाजूला नेऊन ठेवायच्या. पण लिनक्ससारखी सिस्टीम मधूनमधून काहीतरी लिहीत असते, त्यामुळे हेड सारखं आत-बाहेर. अशा डिस्कची मर्यादा सुमारे ३ लाख वेळा. मिनिटाला एकदा धरलं तरी दिवसाला १,४४० वेळा, म्हणजे सात महिन्यांत मर्यादा पार! मर्यादा ओलांडली की डिस्क लगेच मरते असं नाही, पण झीज मात्र खरी होती.

मग आज?

एसएसडीत फिरणारा भागच नसतो. हायबरनेट केल्यावर रॅममधला डेटा एसएसडीवर लिहिला जातो, हे खरंय. पण गणित करून बघा. सॅमसंग ९७० इव्होच्या २५० जीबी मॉडेलला १५० टीबी लिखाणाची हमी होती. रोज दोनदा ५-५ जीबी लिहिलं, तर वर्षाला साडेतीन टीबीच्या आसपास. हमी संपायला चाळीस वर्षं लागतील.

लॅपटॉपला खरं म्हातारं करते ती उष्णता. तापलेल्या मशीनचा फॅन जास्त वेळ फिरतो, बॅटरीची क्षमता लवकर घटते. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज, दोन्ही मानवत नाही. तुमच्या फोनमधली ८० टक्क्यांची चार्जिंग मर्यादा याचसाठी आहे. प्रोसेसर वेग कमी करतो, स्क्रीन बंद होते, तेव्हा वीज तर वाचतेच, पण उष्णताही कमी तयार होते. म्हणजे आज पॉवर सेव्हिंग बहुतेक वेळा हार्डवेअरच्या बाजूनेच आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. नव्या लॅपटॉपची झोप फोनसारखी असते, अर्धी जागी. असा लॅपटॉप झाकण लावून थेट बॅगेत टाकला, तर कधीकधी आतल्या आत जागा होऊन तापतो.

मी काय ठेवलंय

- स्क्रीन ५ मिनिटांनी बंद, स्लीप १५ मिनिटांनी.
- बॅगेत टाकण्याआधी हायबरनेट किंवा शटडाउन.
- दिवसभर चार्जरवर असेल तर चार्जिंग मर्यादा ८० टक्के. हा पर्याय बहुधा कंपनीच्या ॲपमध्ये सापडेल.
- जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती बंद होण्याची वेळ १-२ मिनिटं ठेवू नका. विंडोजची नेहमीची २० मिनिटं ठीक आहेत.

आणि डेस्कटॉपवाल्यांनो, रिकामं मशीन ६० वॉट खातंय असं धरा. रोज १० तास तसंच सुरू ठेवलं तर महिन्याला १८ युनिट. काहीही काम न करता! लॅपटॉप जपायचा असेल तर त्याला झोपू द्या, फक्त थंड जागी.