बटण दाबायचं कुणी, ऐकायचं कुणी?

शाळेतल्या मुलांच्या, विशेषतः मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघाला की हल्ली एक उत्तर हमखास पुढे येतं, ते म्हणजे मोबाइलवरचं पॅनिक बटण. अ‍ॅप घ्या, संकट आलं की बटण दाबा. पालकांना, शाळेला आणि पोलिसांना एकदमच संदेश जाईल आणि मुलगी कुठे आहे ते नकाशावर दिसेल. वस्तीतल्या बैठकांमध्ये बायका आता आम्हा कार्यकर्त्यांना विचारतात, "ताई, आपणही शाळेकडे हीच मागणी करायची का?" विचारणाऱ्या आयांची भीती खरी आहे, त्यामुळे हा प्रश्न उडवून लावून चालणार नाही. माझं म्हणणं असं आहे की बटणाशी आपलं भांडण नाही. पण आपल्या मागण्यांच्या यादीत त्याला पहिली जागा दिली, तर सुरक्षिततेची जबाबदारी शाळेच्या आणि पोलिसांच्या खांद्यावरून उतरून मुलीच्याच बोटावर येऊन पडेल.

हे बटण शाळेत आलं कुठून ते आधी पाहू. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या पार्कलंड इथल्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी एका माजी विद्यार्थ्याने गोळीबार करून १७ जणांना ठार मारलं. त्यात चौदा वर्षांची अलिसा अलहाडेफ होती. तिची आई लोरी अलहाडेफ यांनी शाळाशाळांत थेट पोलिसांना कळवणारं बटण असावं म्हणून मोहीम चालवली. २०१९ मध्ये न्यू जर्सीत आणि २०२० मध्ये फ्लोरिडात 'अलिसाचा कायदा' झाला, पुढे आणखी काही राज्यांनी तो केला. ४ सप्टेंबर २०२४ रोजी जॉर्जिया राज्यातल्या अपालाची हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, तेव्हा शिक्षकांच्या ओळखपत्रावर असं बटण होतं. ते जेमतेम आठवड्यापूर्वी दिलं गेलं होतं. चार जीव गेलेच, पण मदत लवकर पोहोचली. एका आईच्या दुःखातून उभ्या राहिलेल्या या कामाबद्दल मला आदर आहे. पण दोन गोष्टी लक्षात घेऊ या. तिथलं संकट म्हणजे बंदूक घेऊन आलेला माणूस, जो सगळ्यांना दिसतो. आणि ते बटण शिक्षकांच्या, म्हणजे मोठ्यांच्या हातात आहे.

आपल्या शाळांमधलं संकट असं दिसतं का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षामागून वर्ष सांगतात की पॉक्सो कायद्याखाली नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. ओळखीचा माणूस अंगावर धावून येत नाही. तो खाऊ देतो, शाबासकी देतो, 'कुणाला सांगू नकोस' म्हणतो. जे चाललंय त्याला काय म्हणायचं हेच मुलीला कळत नसतं. बटण दाबायचा तो 'एक क्षण' तिच्या आयुष्यात येतच नाही. येतात ते पोटात दुखण्याचे, शाळेत जायचं नाही म्हणून रडण्याचे, गप्प होण्याचे दिवस. त्या दिवसांसाठी कुठलं अ‍ॅप आहे?

ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर आठवा. शाळेतल्या कंत्राटी सफाई कामगाराने चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुलींवर अत्याचार केल्याची ती घटना. या वयाच्या मुलीच्या हातात कुठलं बटण देणार? तरीही त्या मुलींचं दुखणं घरच्यांना कळलं, आणि घरच्यांनी त्यावर विश्वास ठेवला. म्हणजे घंटा वाजली होती. अडलं ते पुढे. १६ ऑगस्टला पालक पोलिस ठाण्यात गेले, तर गुन्हा नोंदवून घ्यायला दहा-बारा तास लागले. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठे तीन पोलिसांच्या निलंबनाचा आदेश निघाला. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि दुसऱ्या मुलीचा जबाब वेळेत का घेतला नाही म्हणून पोलिसांना खडसावलं. शाळेच्या कॅमेऱ्यांचं पंधरा दिवसांचं चित्रीकरण गायब असल्याचं तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं. यंत्र होतं, पण त्याने पाहिलेलं जपण्याची कुणाला गरज वाटली नाही. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतानाच त्यांच्या गोळीने मेला आणि त्याच्यावरचा खटला चाललाच नाही. झटपट बटण आणि झटपट न्याय यांत मला तरी एकच वृत्ती दिसते. मधली सगळी कष्टाची वाट टाळायची, आणि काहीतरी केल्याचं दाखवायचं.

आता माझ्या मनातली सगळ्यात मोठी धास्ती सांगते. १९७२ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, देसाईगंजच्या पोलिस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क होता. त्या निकालाविरुद्ध देशभर बायका रस्त्यावर आल्या. आपल्यातल्या कितीतरी जणी त्या मोर्च्यांतूनच चळवळीत आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. 'ओरडली का नाहीस?' हा प्रश्न बाईला विचारायचा नाही, हे समजावण्यात आपली उमेद खर्ची पडली. उद्या शाळेतल्या प्रत्येक मुलीच्या हातात बटण असेल, तेव्हा वकील, मुख्याध्यापक आणि शेजारीपाजारी काय विचारतील? 'बटण होतं ना, मग दाबलं का नाहीस?' आणि या वेळी तिच्या गप्प राहण्याची यंत्रात तारीखवार नोंद असेल. भीतीने माणूस गोठतो, ओळखीच्या माणसाविरुद्ध हात उचलत नाही, हे यंत्राला कळत नाही.

नकाशावर मुलगी दिसण्याचाही विचार करा. आपल्या वस्त्यांमध्ये कितीतरी घरांत चांगला फोन एकच असतो, तो नवऱ्याच्या खिशात. मुलगी कुठे गेली, कुठे थांबली हे तिथे दिसणार. नववीतली मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला थांबली, दुसऱ्या जातीच्या मुलाशी बोलत उभी राहिली, तर पुढे काय होतं हे आपल्याला सांगायला नको. शाळा सुटते आणि लग्न ठरतं. रक्षणासाठी म्हणून दिलेली वस्तू पाळत ठेवायला वापरली जाते.

कुणी म्हणेल, काहीच नसण्यापेक्षा बटण बरं नाही का? जरूर. संध्याकाळच्या रस्त्यावर, रिक्षात, बसमध्ये मोठ्या मुलीला त्याचा उपयोग होईल. पण ते आधीच आहे. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये केंद्र सरकारने ते सक्तीचं केलं, आणि ११२ हा क्रमांक फुकट आहे. शाळेत हवंच असेल तर ते शिक्षिका, सेविका, पहारेकरी यांच्या हातात असू द्या. पालकांच्या फीतून वेगळं अ‍ॅप विकत घ्यायची गरज नाही.

मग मागायचं काय? जे कायद्यात आधीच लिहिलेलं आहे ते. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अत्याचाराची माहिती किंवा शंका असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कलम २१ प्रमाणे आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. कलम २४ सांगतं की मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत 'सखी सावित्री' समिती असायला हवी. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि २०२३ पासून सरकारने ती आपल्या हाती घेतली. तो क्रमांक भिंतीवर हवा.

मैत्रिणींनो, पुढच्या पालकसभेला चौघीजणी मिळून जा आणि शाळेला विचारा : सखी सावित्री समितीत कोण आहे, ती शेवटची कधी भरली? तक्रारपेटी कुणासमोर उघडतात? मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ बाई कामाला आहे का? कंत्राटावर माणसं घेताना चौकशी कोण करतं? यात सफाई कामगारांवर सरसकट संशय घ्यायचा नाही, जाब व्यवस्थापनाला विचारायचा आहे. आणि शेवटी, मुलीने काही सांगितलं तर त्याच दिवशी पोलिसांना कोण कळवणार, त्या व्यक्तीचं नाव लेखी मागा. मग तेच नाव आणि तोच प्रश्न घेऊन पोलिस ठाण्यात जा.

मुली सांगतच असतात. कधी शब्दांनी, कधी रडून, कधी जेवण टाकून. आपल्याला हवी आहेत ती ते ऐकणारी माणसं, आणि ऐकून गप्प बसली तर शिक्षा भोगणारी माणसं. तुमच्या शाळेने काय उत्तरं दिली ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.